आधी घास, मग नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी दोन शब्द बोला, असे कार्यकारिणीने मला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. भाषण करणे हा काही माझा प्रांत नव्हे. पण मग मनात आले, गेल्या वर्धापनदिनापासून एक गोष्ट मला टोचते आहे. ती आपल्याच माणसांत बोलून टाकायची, तर याहून बरी वेळ कोणती? म्हणून उभी राहिले आहे. विषय ऐकून तुम्ही हसाल. विषय आहे, सँडविच कशाला म्हणावे?

हसलात ना! हसा. विषय हसण्यासारखाच आहे. मात्र तो शेवटपर्यंत हसण्याचा राहत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

गेल्या वर्षी आपण सँडविचची स्पर्धा ठेवली होती, ती तुम्हांला आठवत असेल. नवीन काहीतरी करावे, पोरीबाळींनाही भाग घेता यावा, असा हेतू होता. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर ओळीने ताटल्या. कोणी नसरापूरहून पाव आणला होता, कोणी पुण्याहून. त्रिकोणी कापलेली, काकडी-बीट घातलेली, हिरव्या चटणीची, बटाट्याची, नाना तऱ्हेची सँडविचे होती. परीक्षक आम्ही तिघीजणी होतो. तिघींत एक मी.

त्या ओळीत शेवटची ताटली आपल्या एका मावशींची होती. नाव घेत नाही. त्यांना ते आवडायचे नाही. त्यांनी तांदळाची भाकरी आणली होती. चांगली टम्म फुगलेली भाकरी, तिचा पापुद्रा अलगद सोडवून आत पावट्याची आटवलेली उसळ, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि चिरलेला कांदा भरलेला, आणि मधोमध कापून दोन अर्धे चंद्र केलेले. आम्ही पाहिले. आमच्यातल्या एकीने नियमाचा कागद काढला. त्यात लिहिले होते, ‘पावाच्या दोन कापांत सारण.’ मी म्हटले, “मावशी, हे सँडविच नव्हे हो. हे स्पर्धेत नाही धरता यायचे.” आणि ताटली उचलून बाजूच्या बाकावर ठेवली. मावशींनी ती पदराखाली झाकून घेतली आणि हळदीकुंकवाला न थांबता त्या घरी गेल्या.

घरी जेवताना मी ही हकीकत सहज सांगितली. आमचे हे म्हणाले, “मग वडापाव सँडविच आहे का?” झाले! त्या रात्रीपासून आमच्या घरात जो वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. माझा धाकटा मुलगा फोनवर शोधून रोज नवीन काहीतरी सांगायचा. त्यातले खरे निघाले तेवढे तुम्हांला सांगते.

आधी नावाची गोष्ट. सँडविच हे मुळात इंग्लंडातल्या एका गावाचे नाव. केंट परगण्यात ते गाव आहे. त्या गावाच्या नावाने एक सरदारकी चालत आली आणि तिचा चौथा मानकरी जॉन माँटेग्यू हा अठराव्या शतकात होऊन गेला. सांगतात असे, की हा गृहस्थ पत्ते खेळायला बसला म्हणजे उठत नसे. जेवणासाठी डाव सोडायला नको आणि पत्त्यांना तेलकट हात लागायला नको, म्हणून त्याने मांसाचा तुकडा पावाच्या दोन कापांत घालून मागविला. त्याची बाजू घेणारे म्हणतात, की तो पत्त्यांच्या नव्हे, तर कामाच्या टेबलावर बसून खात असे. काही असो. 1762 साली गिबन नावाच्या इंग्रज इतिहासकाराच्या रोजनिशीत सँडविच हा शब्द लिहिलेला सापडतो. म्हणजे हे नाव अडीचशे वर्षांहून जुने आहे. पदार्थाला नाव मिळाले ते सरदाराचे. ज्याने पाव भाजला आणि मांस शिजवले त्या आचाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. हे आपल्याला काही नवीन नाही म्हणा!

आता व्याख्या करू या. पावाचे दोन काप, मध्ये सारण, हातात धरून खाता यावे. ठीक. मग वडापावाचे काय? त्याचा पाव पुरता कापलेला नसतो, एका कडेने जोडलेला असतो. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली असे सांगतात. तेव्हा त्याला सँडविच म्हणायचे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. पण ‘टेस्टअॅटलस’ नावाच्या परदेशी मंडळींनी जगातल्या उत्तम सँडविचांची यादी केली, तीत 2024 साली आपला वडापाव पहिल्या विसांत होता. मुंबईकरांना आनंद झाला, पण काहींनी विचारलेच, “वडापावाला सँडविच कोणी केले?”

बरे, जोडलेला पाव चालतो असे धरू. मग पोळीत भाजी घालून गुंडाळली तर? दोन काप नाहीत. एकाच कापावर लोणी-चटणी लावली तर? युरोपात अशा उघड्या सँडविचांची मोठी चाल आहे, तेव्हा दोन कापांचा नियमही गेला. पुरणपोळीत सारण आहे, वर-खाली पोळी आहे, हातात धरता येते. ती सँडविच का? हे ऐकून आमच्या सासूबाई पाटावरून उठल्याच. म्हणाल्या, “होळीच्या नैवेद्याला सँडविच म्हणशील तर या घरात पुरण शिजायचे नाही.” मग करंजी? मुलगा म्हणाला, “तिला पुरता शिवलेला खिसा म्हणू.” आणि मिसळपाव? त्यात तर पाव एकीकडे, रस्सा दुसरीकडे! त्याला हे म्हणाले, “घटस्फोट झालेले सँडविच.” हसून हसून पुरेवाट झाली.

अमेरिकेत ‘हॉट डॉग’ नावाचा एक पदार्थ आहे. लांबट पाव उभा चिरून त्यात मांसाची नळी घालतात. वडापावाचाच चुलतभाऊ म्हणा. तो विकणाऱ्यांच्या संघाने 2015 साली जाहीर केले, की हॉट डॉग हे सँडविच नव्हे. पुढच्याच वर्षी तिकडच्या एका नामांकित शब्दकोशाने सांगितले, की आहे. विकणारा नाही म्हणतो आणि कोशवाला आहे म्हणतो!

इथवर सगळी करमणूक झाली. पण यापुढची गोष्ट वाचली आणि मी थोडी गंभीर झाले. हा वाद चक्क कोर्टात गेलेला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका दुकानदाराने जागा भाड्याने घेताना करार केला होता, की या बाजारात दुसरे सँडविचचे दुकान येऊ द्यायचे नाही. तिथे मेक्सिकन पद्धतीचे खाणे विकणारा आला. त्याचा पदार्थ बरिटो, म्हणजे आपल्या पोळीसारख्या पोळीत भात, भाजी, मांस घालून केलेली गुंडाळी. 2006 साली न्यायाधीशाने निकाल दिला, की सँडविचला पावाचे दोन काप लागतात, बरिटोला एकच पोळी, तेव्हा बरिटो म्हणजे सँडविच नव्हे. अगदी आमच्या नियमाच्या कागदासारखा निकाल! पण 2024 साली इंडियाना राज्यातल्या एका न्यायाधीशाने नेमके उलट सांगितले. तिथे प्रश्न असा होता, की ज्या जागेत फक्त सँडविचे विकायची परवानगी आहे तिथे मेक्सिकन खाणावळ काढता येईल का. न्यायाधीश म्हणाला, येईल. हीही मेक्सिकन धर्तीची सँडविचेच आहेत. आणि न्यू यॉर्क राज्याच्या करखात्याने बरिटोला कधीच सँडविचांच्या यादीत बसविले आहे, कारण त्यांना कर घ्यायचा आहे.

आपल्याकडेही हे घडले. 2020 साली कर्नाटकात जीएसटीचा निवाडा करणाऱ्यांपुढे प्रश्न आला, की पाकिटातला तयार परोटा म्हणजे रोटी का? ते म्हणाले, नव्हे. रोटी तशीच खाता येते, हा आधी गरम करावा लागतो. म्हणून रोटीवर शंभराला 5 रुपये कर आणि परोट्यावर 18. लोकांनी पुष्कळ थट्टा केली. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून रोटी आणि परोटा दोन्हींवरचा कर काढून टाकण्यात आला. कणीक तीच आणि तवाही तोच, पण पाच वर्षांत परोटा रोटीच्या पंगतीला आला.

तेव्हा माझ्या एक ध्यानात आले. हे अमुक आहे की नाही, असे कोणी विचारले, तर आधी पाहावे, की विचारणारा कोण आणि त्याला ते कशाला हवे आहे. दुकानदाराला शेजारी नको होता म्हणून त्याने एक व्याख्या धरली. करखात्याला पैसा हवा होता म्हणून त्याने दुसरी धरली. पदार्थ मात्र गप्प बसून होता. खाल्ला का, कसा लागला, हे या कागदांत कुठेच नाही.

आणि भगिनींनो, पदार्थ गप्प बसतो. माणसाला तसे बसता येत नाही. आपल्या पुण्याचीच गोष्ट घ्या. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. मोठमोठी मंडळी हजर होती. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातात धरला, असे सांगतात. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापवून आणली, आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. मिशनमधला चहा प्याला तो धर्मात राहिला का, असा प्रश्न! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, आणि शेवटी रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत हा प्रसंग आला आहे. एका पेल्यावरून घराघरांतली माणसे आत आणि बाहेर झाली.

पावाचेही तसेच. पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. गोव्यात पाव भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात. पण एके काळी पाव खाल्ला म्हणजे माणूस बाटला असे मानीत. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्याले म्हणून सारी वस्ती धर्माबाहेर गेली, अशा हकिकती कोकणपट्टीत सांगतात. त्या पावाचा वडापाव आज आपण देवदर्शनाला जाताना एसटीच्या थांब्यावर उभ्याने खातो! मग ज्यांना बाहेर काढले, त्यांचे काय चुकले होते?

आता तुम्ही म्हणाल, बाई, कुठे ग्रामण्य आणि कुठे मंडळाची स्पर्धा! खरे आहे. आम्ही कोणाला वाळीत टाकले नाही. पण ताटली उचलून बाकावर ठेवली, ती मीच ठेवली. आणि गंमत बघा. पंधरा वर्षांपूर्वी ज्या घरांत पाव फक्त आजाऱ्याला आणीत, त्या घरांतल्या आम्ही बायका, पाव नाही म्हणून भाकरीला बाहेर काढीत होतो!

सरदाराची गोष्ट मला पुन्हा आठवली. एका हाताने खाता यावे, दुसरा हात कामाला मोकळा राहावा, यासाठी सँडविच निघाले. मग माझ्या डोळ्यांपुढे भातलावणी आली. आपल्या खाचरांत आषाढाच्या पावसात आपल्या आया-सासवा दिवसभर वाकून रोपे लावीत. डोक्यावर इरले, पाय पोटरीपर्यंत चिखलात. बांधावर फडके सोडायचे, भाकरीवर ठेचा आणि कांदा, एक हात पावसाच्या पाण्याने धुवायचा आणि उभ्याउभ्या खायचे. ताट नाही, वाटी नाही. भाकरी हेच ताट आणि तेच जेवण. त्या सरदाराला डाव सोडवत नव्हता. आपल्या बायकांना रोप सोडवत नव्हते, कारण उपटलेले रोप उद्यापर्यंत थांबत नाही. खरे सांगा, कामाच्या हाताने खाण्याचा शोध लावण्याचा मान कोणाचा?

आणि भाकरीला मान नाही असेही नाही. 1995 साली सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायला सुरुवात केली, तेव्हा तिच्यावर निवडणूक लढली गेली होती. आजही रविवारी तोरण्याला आणि राजगडाला चढणारी पुण्याची मंडळी आपल्या रस्त्याने जातात आणि पायथ्याला उतरून पिठले-भाकरीच मागतात. पैसे देऊन भाकरी खायला लोक घाट चढून येतात, आणि आपल्या मंडळाच्या टेबलावर तिला जागा नव्हती.

हे सगळे मनात जमले आणि मी एके दिवशी मावशींच्या घरी गेले. मला वाटले होते, मावशी रागावतील. तशा त्या रागावल्या नाहीत. चुलीपुढे बसल्या होत्या. मी म्हटले, “मावशी, मी चुकले. तुमची भाकरीही सँडविचच म्हणायला हवी होती.” तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, तू काय चुकीचं बोललीस? ते सँडविच नव्हतंच. मला का ठाऊक नाही? भाकरीला भाकरीच म्हणतात.”

मी विचारले, “मग तुम्ही निघून का गेलात?”

थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पुण्याचा नातू आला होता सुट्टीला. भाकरी पाहिली की तोंड फिरवतो. म्हटलं, चारचौघींत टेबलावर मांडलेली पाहील, तुम्ही परीक्षक खाल, चांगली आहे म्हणाल, तर त्यालाही एक घास घ्यावासा वाटेल. बक्षीस नको होतं गं. तुम्ही तिघींनी चाखलीसुद्धा नाही.”

भगिनींनो, हे ऐकून माझी मान खाली गेली. सगळे वर्ष मी व्याख्येचा वाद घालीत होते. मावशींची तक्रार व्याख्येची नव्हतीच. आम्ही घास न घेता नाव ठेवले, ही त्यांची तक्रार होती. कोर्टाने बरिटो खाल्ला नाही, चौकशी करणाऱ्यांनी बिस्कीट खाल्ले नाही, आणि आम्ही भाकरी खाल्ली नाही. चूक एकाच जातीची आहे; फक्त लहान-मोठी.

त्या दिवशी मावशींनी परातीत पीठ ओढले आणि माझ्यासाठी भाकरी टाकली. आत पावटा नव्हता, मोसम संपला होता. घरची चवळी होती. पापुद्र्याच्या आत उसळीचा रस थोडा मुरतो, वरचा भाग मात्र खरपूस राहतो. पाव असा राहत नाही. तो लगेच भिजून लिबलिबीत होतो. एवढी साधी गोष्ट आम्हांला एका घासात कळली असती.

आता माझी कार्यकारिणीला एक विनंती आहे आणि तिला तुम्हां सर्वांचा पाठिंबा हवा. यंदाच्या स्पर्धेचे नाव बदलावे. आपल्या भाषेत एक फार चांगला शब्द आहे, शिदोरी. बरोबर बांधून न्यावी, वाटेत सोडावी, जागा मिळेल तिथे खावी, ती शिदोरी. ‘शिदोरी स्पर्धा’ ठेवली, म्हणजे सँडविच आले, वडापाव आला, भाकरी-ठेचा आला, दशम्या आल्या, गुळाची पोळीही आली. भाकरीला सँडविच म्हणवून घेण्याची गरज नाही. उलट सँडविच ही इंग्रजांची शिदोरी आहे, असे आपण खुशाल म्हणू. पोरींनी त्रिकोणी सँडविचे जरूर आणावीत. त्यांच्या हौसेला मी नाव ठेवीत नाही. काकडीचे सँडविच मलाही आवडते.

दुसरी विनंती, नियमाच्या कागदावर पहिली ओळ अशी लिहावी, की परीक्षकांनी प्रत्येक ताटलीतला घास घेतल्याशिवाय तोंडातून शब्द काढू नये. पसंत पडो न पडो, मांडलेली ताटली टेबलावरून उचलली जाणार नाही. नवी सून काही वेगळे करील, बाहेरगावची भाडेकरीण तिच्या गावचे काही आणील, आपल्याला नावही ठाऊक नसेल. आधी घास घ्यावा, मग तिलाच नाव विचारावे.

तिसरे, यंदा परीक्षक म्हणून मला बसवू नये. माझ्या जागी मावशींना बसवावे. मी त्यांना विचारून आले आहे. त्या आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या, “नातवाला घेऊन आले तर चालेल का? त्यालाही चाखायला बसवू.” मी त्यांना हो म्हणून आले आहे. तुम्ही मला खोटे पाडू नका.

वडापाव सँडविच आहे की नाही, हा वाद आमच्या घरी चालूच राहणार आहे. तुम्हीही घरी जाऊन घाला. रात्रीच्या जेवणाला रंगत येते. फक्त वाद घालताना ताटातले गार होऊ देऊ नका.

मावशी मागच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना सर्वांसमोर नमस्कार करते आणि माझे बोलणे संपवते.